आकारस्मृती कंपोझिटची पहिली बिजागरी कशी करायची

उसाच्या रानात पाइपलाइन टाकताना पीव्हीसी पाइपचं तोंड जाळावर धरतात. मऊ पडलं की दुसऱ्या पाइपवर दाबून बसवतात, वरून ओलं फडकं फिरवतात, झालं सॉकेट. हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्या फुगवलेल्या तोंडात काही न घालता ते पुन्हा जाळावर धरून बघा. आक्रसत आक्रसत ते जवळपास मूळच्या मापावर येतं. पाइपला आपलं माप आठवतं. या आठवणीला कार्बनच्या कापडाची ताकद जोडली की उपग्रहाची सौरपाटी उघडणारी बिजागरी तयार होते. आठवण असलेल्या प्लास्टिकमध्ये कापड बसवून केलेल्या अशा साहित्याला आकारस्मृती कंपोझिट म्हणतात.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं. दुसरे, कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावात फायबरचं काम करणारे, ज्यांना आपल्या हातच्या कामातून अवकाशाकडे जाणारी वाट आहे का हे बघायचं आहे. आपण १० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद अशी एक पट्टी करणार आहोत. ती दुमडली की दुमडलेली राहील आणि गरम केली की सरळ होईल. ती सरळ होताना बघणं सोपं आहे. ती किती आणि केव्हा झाली हे मोजण्यात खरं काम आहे, म्हणून लेखाचा मोठा भाग मोजण्यावर गेला आहे.

ही खटपट कशासाठी

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या नाकाच्या टोपणाचा व्यास ३.२ मीटर. उपग्रहाला त्यात मावायचं, तर पाट्या, अँटेना, दांडे यांची घडी घालावीच लागते. आदित्य एल-१ वर चुंबकमापकांसाठी ६ मीटरचा दांडा आहे. कार्बन फायबरचे पाच तुकडे स्प्रिंगच्या बिजागऱ्यांनी जोडून तो केला आहे. १३२ दिवस घडीत राहून ११ जानेवारी २०२४ रोजी तो सुमारे ९ सेकंदांत उघडला.

मग स्प्रिंग चांगलीच आहे की, असं कोणीही म्हणेल. आहेच. पण स्प्रिंगला घडीत धरून ठेवणारा खटका लागतो, तो सोडणारं यंत्र लागतं, उघडल्यावर अडकवणारी कडी लागते, आणि शेवटी पाटीला हिसका बसतो. भाग वाढले की बिघडण्याच्या जागा वाढतात. गुरू ग्रहाकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाची छत्रीसारखी मुख्य अँटेना १९९१ साली अर्धवट उघडून अडकली. पुढची सगळी मोहीम लहान अँटेनावर, अगदी कमी वेगाने माहिती पाठवत काढावी लागली.

आकारस्मृती कंपोझिटमध्ये पट्टी हीच स्प्रिंग, तीच खटका आणि तीच कडी. थंड असताना ती घडीत कुलूपबंद असते. गरम केली की सावकाश उघडते आणि पुन्हा थंड झाली की ताठ होते. चीनने डिसेंबर २०१९ मध्ये सोडलेल्या शिजियान-२० या उपग्रहावर अशा कंपोझिटची लवचीक सौरपाटी भूस्थिर कक्षेत उघडून दाखवली.

इथे एक गोंधळ आधीच मिटवतो, कारण माझाही झाला होता. अवकाश स्थानकावर २०२१ पासून बसवलेल्या गुंडाळीच्या सौरपाट्या किंवा २०२४ मध्ये नासाने उघडलेलं ८० चौरस मीटरचं सौरशीड, यांचे दांडेही पातळ कंपोझिटचेच आहेत. पण ते आकारस्मृतीचे नाहीत. ते गुंडाळलेल्या मेजर टेपसारखे, दाबून धरलेले आणि सोडले की उघडणारे. त्यांना उष्णता लागत नाही. वाचताना ही दोन घराणी वेगळी ठेवा.

आधी चिक्की, मग पाइप

गुळाचा पक्का पाक गरम असताना लाटता येतो, थंड झाला की काचेसारखा तडकतो. म्हणजे ठरावीक तापमानाच्या वर मऊ, खाली कडक. बहुतेक प्लास्टिकांनाही असं एक तापमान असतं. पाठ्यपुस्तकात त्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. शब्दशः छोटं नाव करायला गेलं तर काचबिंदू होईल आणि लोक डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता देतील. म्हणून आम्ही सगळे नुसतं टीजी म्हणतो.

पण चिक्की पुन्हा गरम केली तर ती कढईतल्या आकारात परत जात नाही, नुसती पसरते. तिच्या रेणूंना एकमेकांशी बांधणाऱ्या गाठी नाहीत. पाइपमध्ये लांब रेणूंचा गुंता असतो, तो गाठींचं काम बऱ्यापैकी करतो. इपॉक्सीत, म्हणजे दोन द्रव कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, तर रासायनिक बंधांच्या पक्क्या गाठी असतात. रेझिन घट्ट होताना ज्या आकारात गाठी बसल्या, तोच आकार कायमचा. टीजीच्या वर नेऊन वाकवलं की गाठींमधले धागे ताणले जातात. तसंच धरून थंड केलं की ताण आत गोठतो. पुन्हा तापवलं की धागे सैल होतात आणि गाठी पट्टीला मूळ जागी ओढून आणतात.

हे हातात घेऊन बघायला थ्रीडी प्रिंटरची पीएलए पट्टी पुरते. तिचा टीजी ६० अंश सेल्सिअसच्या आसपास. जुन्या पातेल्यात ७५ अंशांचं पाणी घ्या, पट्टी बुडवून वाकवा, तशीच धरून गार पाण्यात घाला. मग परत गरम पाण्यात सोडा. दहा मिनिटांचा खेळ आहे, पण तो करून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टीजी ठरवणं

नवखा माणूस आधी रेझिन विकत घेतो आणि मग टीजी मोजतो. उलट करा. कागदावर दोन आकडे लिहा. पहिला, घडीत असताना आणि उघडल्यानंतर बिजागरी जास्तीत जास्त किती तापेल. दुसरा, हीटर तिला किती अंशांपर्यंत नेऊ शकेल. टीजी या दोहोंच्या मधे हवा, दोन्ही बाजूंना २०-३० अंशांची ऐसपैस जागा ठेवून.

‘उघडल्यानंतर’ हा शब्द बहुतेक जण विसरतात. पाटी उघडली, काम झालं, असं नसतं. पुढची कित्येक वर्षं तीच पट्टी पाटीला धरून राहणार. पृथ्वीजवळच्या कक्षेत साधारण ९० मिनिटांत एक फेरी, म्हणजे दिवसाला १५-१६ वेळा ऊन आणि सावली. उन्हात पट्टी टीजीपर्यंत गेली तर ती प्रत्येक फेरीत मऊ पडेल आणि पाटी लुळी होईल.

शिकण्यासाठी आपण ८५-९० अंशांचा टीजी घेऊ. तो प्रयोगशाळेला सोयीचा आहे, उड्डाणाला मात्र बऱ्याचदा कमी पडतो. वरच्या टीजीसाठी सायनेट इस्टर जातीची रेझिन वापरतात, पण ती पहिल्या पट्टीचं काम नव्हे.

सामान

रेझिन: बिस्फेनॉल-ए जातीची साधी द्रव इपॉक्सी. हार्डनर (रेझिनला घट्ट करणारा दुसरा द्रव): डी-२३० नावाने मिळणारं पॉलिइथर अमाइन. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फायबरच्या दुकानात ‘रेझिन द्या’ म्हटलं तर बहुधा पॉलिएस्टर मिळेल, सोबत कोबाल्ट आणि कॅटॅलिस्टच्या बाटल्या. ते इथे चालत नाही. आणि ते दुसऱ्या कामाला घरी आणलंच, तर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो. फौंड्रीच्या साच्यांसाठी नमुने करणाऱ्या पॅटर्नवाल्यांकडे इपॉक्सी असते, पण तिचा हार्डनर बहुतेकदा खोलीच्या तापमानाला पटकन घट्ट होणारा असतो. त्याच्या गाठींचं जाळं वेगळं बसतं आणि टीजी वेगळा येतो. डबा मागून घ्या, त्यावरचा इपॉक्सी इक्विव्हॅलंटचा आकडा (जोडणीच्या एका जागेमागे किती ग्रॅम रेझिन) वाचा.

तो आकडा साधारण १८५ ते १९० असतो. डी-२३० चा तसाच आकडा ६०. मग १०० ग्रॅम रेझिनला १०० भागिले १८७ गुणिले ६०, म्हणजे ३२ ग्रॅम हार्डनर. डोळ्यांच्या अंदाजाने ओतायची सवय असेल तर इथे मोडावी लागेल. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. प्रमाण चुकलं की जाळं अर्धवट राहतं, टीजी घसरतो, आणि दोष मात्र कापडाला दिला जातो.

कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, साध्या विणीचं. इचलकरंजीत ज्यांनी माग पाहिलेत त्यांना ताणा-बाणा सांगायला नको. पहिला पत्रा (ज्यातून पट्ट्या कापायच्या तो कडक तुकडा) काचेच्या कापडाचा करा. स्वस्त पडतो, आणि आरपार दिसत असल्याने बुडबुडे कुठे राहिले ते कळतं. कार्बन दुसऱ्या खेपेला.

नायट्राइलचे हातमोजे, चष्मा आणि कापताना मास्क. अमाइनची ॲलर्जी एकदा जडली की जात नाही, मग इपॉक्सीच्या खोलीत पाऊल टाकलं तरी अंगावर चट्टे उठतात. घरचा ओव्हन, घरचं मिक्सरचं भांडं, आईचा चमचा, यातलं काहीही नको.

पत्रा घालणं

३० बाय ३० सेंटिमीटरचे दोन थर. कापडाचं वजन ३६ ग्रॅम होतं, रेझिनही साधारण तेवढंच लागतं, वाया जाणारं धरून ४५ ग्रॅम रेझिन आणि १४.४ ग्रॅम हार्डनर कालवा. पाच मिनिटं सावकाश ढवळा. फेटू नका, हवा शिरते. काचेवर किंवा गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मेण लावून त्यावर थर घाला.

कापडाचे धागे घडीच्या रेषेशी ४५ अंशात येतील असं तिरकं लावा. सरळ लावलेल्या धाग्याला घडीवर पूर्ण ताण झेलावा लागतो. तिरकं लावलं की विणीला थोडं सरकायला जागा मिळते, जशी तिरकं कापलेल्या कापडाला असते. हवा ओढून थर दाबणारी व्हॅक्यूम बॅग असेल तर उत्तम. नसेल तर वरून पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), शोषणारं कापड, सपाट पत्रा आणि त्यावर वजन. कोल्हापुरात वजनाला काय तोटा, फौंड्रीतलं कुठलंही कास्टिंग चालतं.

भाजणं दोन टप्प्यांत: ८० अंशांवर २ तास, मग १२५ अंशांवर ३ तास. दुसरा टप्पा गाळायचा मोह होतो, कारण पहिल्या टप्प्यानंतरच पत्रा टणटणीत वाजतो. पण जाळं पुरं बसलेलं नसतं. मग पहिल्यांदा बिजागरी तापवली की उरलेलं भाजणं तिथे होतं, टीजी वर सरकतो आणि वाकवलेला आकारच थोडाफार कायमचा बसतो. टीजी मोजायला डीएमए यंत्रावर (पट्टी तापवत तिचा ताठपणा मोजणाऱ्या) एक पट्टी लागोपाठ दोनदा चालवा. दोन आकड्यांत फरक आला तर भाजणं अपुरं आहे. असं यंत्र आपल्याकडे नसेल तर विद्यापीठात किंवा मोठ्या कॉलेजात पैसे भरून चाचणी करून मिळते का ते विचारा. ते न मोजता पुढे जाणं म्हणजे माप न घेता कोल्हापुरी चप्पल शिवणं.

दुमडणं

कापलेल्या पट्ट्या घेऊन मी उद्यमनगरातल्या ओळखीच्या एका पॅटर्नवाल्या मामांकडे गेलो होतो, कडा घासून घ्यायला. त्यांनी एक कार्बनची पट्टी उचलली आणि सवयीने दोन्ही हातांनी वाकवली. कट्‌ आवाज झाला. “मोडलं की ओ सर हे!” मला हिशेब सांगायला आयतीच संधी मिळाली.

वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या कडेवरचा ताण म्हणजे जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. अर्धा मिलिमीटर जाडी, १० मिलिमीटर त्रिज्या, म्हणजे २.५ टक्के. पट्टी १ मिलिमीटर जाड केली तर ५ टक्के. कार्बनचा धागा १.५ ते २ टक्क्यांवर तुटतो. म्हणजे गणिताने ही घडी अशक्य आहे.

मग हॉट एअर ओव्हनमध्ये ११० अंशांवर दहा मिनिटं ठेवलेली दुसरी पट्टी काढली आणि चामड्याचे हातमोजे घालून २० मिलिमीटरच्या गजाभोवती सावकाश वळवली. सावकाश, पण पट्टी गार होण्याच्या आत. दोन टोकं समांतर आली. गजासकट तशीच धरून पंख्याखाली गार केली. मामांनी भिंगातून घडीची आतली बाजू पाहिली आणि म्हणाले, “निऱ्या पडल्यात.” याहून नेमकं वर्णन मी शोधनिबंधातही वाचलेलं नाही. गरम रेझिन मऊ असतं, त्यामुळे आतल्या बाजूचे दाबले गेलेले धागे तुटत नाहीत. बारीक लाटा घेऊन मुडपतात, नेसलेल्या पातळाच्या निऱ्यांसारखे. आतली बाजू अशी आखडली की ताण नसलेली मधली रेषा बाहेरच्या बाजूला सरकते आणि बाहेरच्या धाग्यांवर येणारा ताण बराच कमी होतो. थंड पट्टीत रेझिन धाग्यांना घट्ट धरून ठेवतं, निऱ्या पडू देत नाही, म्हणून कट्‌.

यावरून दोन नियम. घडी टीजीच्या किमान २० अंश वर घाला, आणि गार होईपर्यंत हात सोडू नका. उकळत्या पाण्यात काम भागेल असं वाटतं, पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ८८ टीजीच्या पट्टीला ते काठावर पास करतं. शिवाय इपॉक्सी पाणी पिते, त्याचं पुढे सांगतो.

मोजणं

गज काढा. पट्टी थोडी उघडते, कारण कापडातली लवचिकता पूर्ण गोठत नाही. समजा १८० अंशांची घडी १७१ वर स्थिरावली. १७१ भागिले १८०, म्हणजे घडी धरण्याची टक्केवारी ९५. आता तापवा. समजा शेवटी ४ अंशांचा बाक उरला. १७६ भागिले १८०, म्हणजे आकार परत येण्याची टक्केवारी ९८ च्या जवळ. कापड जास्त घातलं की पहिला आकडा घसरतो आणि उघडण्याचा जोर वाढतो. रेझिन जास्त ठेवलं की उलट. यात सगळ्यांना खूश करणारं प्रमाण नाही, तुमच्या पाटीला काय हवं ते बघून ठरवावं लागतं.

कोन मोजायला मोबाइल तिकाटण्यावर लावून पट्टीचा कडेने व्हिडिओ घ्या, मागे कोनमापकाची मोठी प्रिंट. दर ५ अंश तापमानाला कोन लिहा. एकाच पट्टीवर हे दहा वेळा करा. पहिल्या दोन-तीन खेपांत आकडे हलतात, मग स्थिरावतात. पहिल्याच खेपेचा सुंदर आकडा प्रकल्पाच्या अहवालात लावणारे मी खूप पाहिले आहेत.

मग जोर. हा या साहित्याचा दुबळा भाग आहे. निकेल-टायटॅनियमची आकारस्मृती तार शेकडो मेगापास्कलने ओढते, नुसतं आकारस्मृती पॉलिमर १ ते ३. कंपोझिटमध्ये कापडामुळे तो वाढतो, तरी बेतानेच. पाटी उघडताना पट्टीला पाटीबरोबर जाणाऱ्या वायरींचा जुडगाही वाकवावा लागतो, आणि थंडीत वायर चिवट होते. पट्टीच्या टोकाला दोरा बांधून काट्यावर ओढ मोजा. सगळा विरोध मिळून जेवढा येईल त्याच्या दुप्पट तरी जोर हाताशी हवा.

पावसाळ्याने शिकवलेलं

माझा पहिला पत्रा जुलैत घातला होता. बाहेर पंचगंगा पात्राबाहेर यायच्या बेतात, आत भिंतींना घाम. पत्र्यावर पांढुरका, मेणचट थर आला. हार्डनरने हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला होता. कोमट पाण्याने तो निघतो, पण निघाला नाही तर वर हीटर चिकटत नाही.

त्याहून मोठी चूक पुढे झाली. घडी घातलेल्या चार पट्ट्या मी तशाच उघड्या मांडणीवर ठेवल्या. गणपतीनंतर बघतो तर चौघी थोड्या उघडलेल्या, आणि तापवल्यावर ठरल्यापेक्षा बऱ्याच खालच्या तापमानाला हलायला लागल्या. दोन दिवस मी ओव्हनच्या थर्मोस्टॅटला शिव्या घातल्या. चूक थर्मोस्टॅटची नव्हती. इपॉक्सीने दोन महिने ओलावा प्यायला होता. पाण्याचे रेणू धाग्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतात आणि टीजी खाली येतो. उघडलेली पट्टी ओव्हनमध्ये नीट सुकवली की टीजी बराचसा परत येतो. घडीतल्या पट्टीची पंचाईत अशी की सुकवायला तापवलं तर ती उघडते. तिला कमी तापमानात, निर्वातात, सावकाश सुकवावं लागतं.

हीटर

ओव्हन उपग्रहात नेता येत नाही. पट्टीवर पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यातला हीटर चिकटवतात. कार्बन वीज वाहतो, म्हणून हीटर आणि पट्टी यांच्यात इन्सुलेशन हवंच. तसाच कार्बन ॲल्युमिनियमला थेट टेकला तर ॲल्युमिनियम गंजतं, तिथे काचेच्या कापडाचा एक थर मधे घालतात.

आपली पट्टी जेमतेम ३ ग्रॅमची. उणे २० पासून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३६० जूल पुरतात, १० वॉटचा हीटर ते ३६ सेकंदांत देईल. कागदावर. अवकाशात हवा नाही म्हणून उष्णता जाणार नाही असं वाटतं, पण ती किरणांनी जाते. दोन्ही बाजू मिळून ८० चौरस सेंटिमीटरचा काळा पृष्ठभाग १०० अंशांवर साडेसात वॉट बाहेर फेकतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यात हीटरची तीन-चतुर्थांश कमाई नुसती उधळली जाते. उपाय, वरून चकचकीत पडद्यांचं अनेक थरांचं पांघरूण.

पट्टीवर किमान तीन ठिकाणी थर्मिस्टर (तापमान मोजणारे बारीक घटक) लावा. मधोमध तापली आणि कडा थंड राहिल्या तर ती वेडीवाकडी उघडते.

पुढची पायरी

सपाट पट्टी जमली की तीच पाइपवर घालून पन्हाळीसारखी बाकदार करा. मेजर टेप बाहेर काढल्यावर ताठ का राहते, त्याच कारणाने अशी पट्टी उघडल्यावर कितीतरी ताठ होते. पन्हाळीच्या पोकळ बाजू समोरासमोर ठेवून दोन पट्ट्या लावल्या की खरी बिजागरी. साचा लोखंडी पाइपचा घ्या, पीव्हीसी ८० अंशांलाच मान टाकते.

उड्डाणाच्या वाटेवर पहिली चाळण वायू सोडण्याच्या चाचणीची. निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवून वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड चकतीवर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत हवा. अपुरं भाजलेलं रेझिन इथेच पकडलं जातं. त्या पार गेलात, तर इस्रो पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याला ‘पोएम’ नावाने प्रयोगांचा ओटा म्हणून जून २०२२ पासून वापरते आहे, आणि त्यासाठी विद्यापीठं व स्टार्टअप यांना इन-स्पेस या सरकारी संस्थेकडे अर्ज करता येतो.

तोवर पहिल्या पत्र्यातल्या दोन पट्ट्या बाजूला काढा. दोन्हींची १८० अंशांची घडी घाला, आजची तारीख आणि आजचा कोन मार्करने पट्टीवरच लिहा. एक सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात, दुसरी उघड्या मांडणीवर. दर पंधरवड्याला कोन मोजून वहीत लिहा, आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांना तापवू नका.